किल्लारीच्या भिंती आणि आपले फोन

सप्टेंबर २०२३ मध्ये गूगलने भारतातल्या अँड्रॉइड फोनवर भूकंपाचा इशारा द्यायला सुरुवात केली. कल्पना झकास आहे. फोनमध्ये हालचाल टिपणारा सेन्सर असतोच. एका भागातले बरेच फोन एकदम थरथरले, की सर्व्हर ओळखतो, की हा भूकंप आहे. मग लांबच्या फोनवर जोरदार धक्क्याच्या आधी सूचना पोचते.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे असलं काही दिसलं की आधी गणित करतो. भूकंपाची पहिली, हलकी लाट सेकंदाला साधारण सहा किलोमीटर धावते. भिंती पाडणारी दुसरी लाट साडेतीन किलोमीटर. केंद्रापासून दहा किलोमीटरवर दोघींमधलं अंतर भरतं सव्वा सेकंद. एवढ्यात फोनने ओळखायचं, सर्व्हरला कळवायचं आणि आजीने खाटेवरून उठून अंगणात यायचं! लांबच्या शहराला हा इशारा उपयोगी पडेल. केंद्राजवळच्या खेड्यात मात्र माणूस वाचेल की नाही, हे भिंत कित्येक वर्षं आधीच ठरवून बसलेली असते.

हे कळायला ३० सप्टेंबर १९९३ कडे जावं लागतं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून गावं झोपली आणि पहाटे तीन वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं जमीनदोस्त झाली. सुमारे आठ हजार माणसं गेली. माझा जन्म त्यानंतरचा. आमच्या घरात मात्र आजही ‘भूकंपाच्या आधी’ आणि ‘भूकंपानंतर’ अशीच वर्षं मोजतात.

भूकंप होता ६.२ तीव्रतेचा. जगात दरवर्षी एवढे किंवा याहून मोठे कितीतरी भूकंप होतात. मग इथे इतकी माणसं का गेली? केंद्र उथळ होतं आणि वेळ झोपेची होती, हे खरंच. पण मुख्य कारण घरात होतं.

आमच्याकडची जुनी घरं माळवदाची. लाकडी खांब, त्यांवर तुळया, वर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. माळवद गळायला लागलं, की पावसाळ्याआधी आणखी माती टाकायची. भिंत दोन-अडीच फूट किंवा त्याहून रुंद, काळ्या दगडाची, उन्हाळ्यात गारवा देणारी. बाहेरून किल्ल्यासारखी दिसायची. पण ती एक भिंत नव्हतीच. आतल्या बाजूला दगडांचा एक पडदा, बाहेरच्या बाजूला दुसरा, आणि मध्ये चिखल आणि दगडगोट्यांची भर. दोन्ही तोंडांना धरून ठेवणारे आरपार लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. धक्का बसला तशी दोन्ही तोंडं सुटी झाली, भिंतींना पोट सुटलं आणि दगड झोपलेल्यांवर कोसळले. अनेक घरांत लाकडी सांगाडा उभाच राहिला आणि भिंती पडल्या. कुडाच्या हलक्या झोपड्यांनी मात्र फारसे जीव घेतले नाहीत. त्या रात्री ‘भक्कम’ या शब्दाचा अर्थच उलटला.

सूचना मिळालीच नव्हती, असंही नाही. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किल्लारी परिसराला धक्के बसले होते. पण देशाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग विभाग एकमध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याचा होता. दख्खनचं पठार स्थिर, हा समज १९६७ च्या कोयना भूकंपानंतरही पुरता गेला नव्हता. पुढे २००२ च्या नकाशात विभाग एकच रद्द झाला आणि लातूरचा परिसर विभाग तीनमध्ये आला.

नंतरच्या पुनर्वसनातली ५२ गावं सगळ्यांना माहीत आहेत. ती नव्या जागी वसवली गेली. त्याहून मोठं काम फारसं कुणाला आठवत नाही. १३ जिल्ह्यांतली सुमारे दोन लाख घरं जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करायची होती. नुकसानीप्रमाणे १७ हजार किंवा ३४ हजार रुपये हप्त्यांनी मिळत. माळवदावरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड बसवा, कोपरे बांधून घ्या, काँक्रीटचा पट्टा फिरवा, असं तंत्र होतं. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. सिमेंट किती, सळई कुठे, हप्ता का अडला, हे त्या घरोघरी समजावत. २००१ मध्ये गुजरातेत भूकंप झाला, तेव्हा लातूरकडच्या बायका तिथल्या बायकांना अनुभव सांगायला गेल्या.

पण लोकांचा दगडावरचा विश्वासच उडाला होता. अनेकांनी त्या पैशांतून जुनं घर तसंच ठेवून पुढे विटा-सिमेंटची एक खोली बांधली. आमच्याही घरी तेच झालं. आजी म्हणायची, “धान्य राहू दे आत, माणसं नकोत दगडाखाली.” तांत्रिक अहवालांच्या नजरेतून हा कार्यक्रमाला फाटा होता. मला तो शहाणपणाचा निर्णय वाटतो. रात्री कुठे झोपायचं, एवढं तरी तिच्या हातात होतं.

अडचण त्यानंतरची आहे. तीस वर्षांत भीती ओसरली, कुटुंबं वाढली. जुन्या घरात पुन्हा खाटा आल्या. काही ठिकाणी माळवद काढून त्याच चिखलातल्या दगडी भिंतींवर थेट स्लॅब टाकलेला दिसतो, म्हणजे वजन वाढलं आणि पकड तीच राहिली. २०२४ च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये हिंगोलीला साडेचारच्या आसपासचे धक्के बसले, तेव्हा आपण व्हॉट्सअॅपवर ‘तुला जाणवलं का?’ असं विचारून मोकळे झालो.

फोनवरचा इशारा चालू ठेवाच, त्याला पैसे पडत नाहीत. पण आपण पुण्यात, बंगळुरात आणि आईवडील गावात, अशी आपल्यातल्या अनेकांची परिस्थिती आहे. दिवाळीला गेलात की घराला एक चक्कर मारा. भिंतीला पोट आलंय का, कोपऱ्यात उभी भेग आहे का, माळवदावर किती माती साचलीय, ते बघा. गवंड्याला आरपार दगडांबद्दल विचारा. हे सगळं लगेच जमणार नाही, पैसे लागतील. खाट मात्र त्याच दिवशी हलवता येते.