कुठे थांबलो आणि किती उरलं

मुकुंदवाडीहून निघालं, कन्नडचा घाट उतरला की चाळीसगाव, आणि त्याच्याजवळ पाटण. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ स्थापला, तशी नोंद तिथल्या शिलालेखात आहे. आज आम्ही बोलणार आहोत त्या आजोबांच्या 'लीलावती'तल्या एका आकड्याबद्दल.

वर्तुळाचा परीघ व्यासाच्या किती पट? ११५० सालच्या या ग्रंथात दोन उत्तरं आहेत: सूक्ष्म ३९२७/१२५०, आणि व्यवहारापुरतं स्थूल २२/७. सूक्ष्म आकडा येतो कसा, हे कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ च्या 'बुद्धिविलासिनी' टीकेत सांगितलं. वर्तुळात बहुभुज काढायचा, बाजू दुप्पट करत करत ३८४ पर्यंत न्यायच्या. तिथे थांबायचं. पण बाहेर किती राहिलं?

त्याच शतकात केरळात शंकर वारियर याच 'लीलावती'वर 'क्रियाक्रमकरी' ही टीका लिहीत होते. तिच्यात संगमग्रामच्या माधवांची श्रेणी आहे: ४ − ४/३ + ४/५ − ४/७… ही कधी संपत नाही, आणि फार सावकाश सरकते. दहा पदांनंतर हाती येतात ३.०४१८. म्हणजे पहिल्याच दशांश स्थळी घसरण!

माधवांची खरी करामत इथे आहे. उरलेली श्रेणी न मोजता ते तिची किंमत ठरवतात. शेवटच्या पदाचा अर्धा सुमारे ०.१०५, पुढच्याचा ०.०९५, मधला ०.१ मिळवला की ३.१४१८. त्यांची अधिक बारीक दुरुस्ती ४०/४०१ मिळवली की ३.१४१५९०. नुसत्या बेरजेने एवढं जवळ यायचं तर चार लाखांवर पदं लागतील. या दुरुस्तीला शास्त्रात 'अंत्यसंस्कार' म्हणतात. हसू नका. आपल्याकडे तो शब्द स्मशानात ऐकू येतो, पण अर्थ तोच: संपवताना जे राहिलं त्याची नीट व्यवस्था लावणं.

ही श्रेणी युरोपात ग्रेगरी आणि लायब्निझ यांना १६७० च्या दशकात सापडली. 'आधी कोण' यावर आपण तावातावाने भांडतो. माधव आधीचे, हे खरंच. पण त्या भांडणात अंत्यसंस्कार मात्र कुणी सांगत नाही, आणि आमच्या मते मोठी गोष्ट तीच. नीलकंठ सोमयाजींनी लिहून ठेवलं की कितीही पुढे जा, शेष लहान होईल, शून्य होणार नाही.

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवून आम्हीही एवढ्यावरच आलो. माणसाला कुठे तरी थांबावंच लागतं, त्यात लाज नाही. थांबल्यावर 'झालं पूर्ण' म्हणायचं, की 'एवढं राहिलं' म्हणून त्याचं माप द्यायचं, इथे ज्ञानाची पारख होते.