धुराच्या रंगावरून ओळखा होडीच्या इंजिनाचे दुखणे

भंडारा, प्रतिनिधी – वैनगंगेच्या पात्रात पिढ्यान् पिढ्या डोंगे चालत आले ते वल्ह्यांच्या आणि बांबूच्या बळावर. पवनी तालुक्यातील गोसेखुर्द येथील धरणाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. पुढे धरणात पाणी अडले आणि नदीचे पात्र दूरवर पसरले. अशा विस्तीर्ण जलाशयावर इंजिनाच्या होडीची सोय होते. मात्र इंजिन भर पाण्यात बंद पडले तर प्रवाशांना किनारा गाठणे कठीण जाते. जुने डिझेल इंजिन सहसा एकाएकी दगा देत नाही. आधी बरेच दिवस ते धुराच्या रूपाने इशारा देत असते. तो ओळखण्याआधीच पाना हाती घेतला, तर दुरुस्तीऐवजी बिघाड वाढतो.

चार गोष्टींचा मेळ

होडीच्या पोटात बसविलेले इंजिन आणि शेतातील पंपाचे डिझेल इंजिन यांचे तत्त्व एकच आहे. यात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा पिस्टनने साधारण १६ ते २० पट दाबली की तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते आणि त्या तप्त हवेत नॉझलमधून आलेला डिझेलचा फवारा पेट घेतो. हवा पुरेशी, फवारा बारीक, दाब पक्का आणि फवाऱ्याची वेळ अचूक, असा चार गोष्टींचा मेळ बसला तर धूर जवळजवळ दिसत नाही. यातील एक जरी बिघडली तरी धुराला रंग चढतो.

काळा धूर

काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेल्या डिझेलची काजळी. डिझेल जास्त किंवा हवा कमी, असा त्याचा सरळ अर्थ. सर्वप्रथम एअर फिल्टर काढून पाहावा. इंजिनावर घट्ट झाकण असेल, तर आत हवा शिरण्यास वाट आहे काय, हेही तपासावे. त्यानंतर नॉझलचा संशय घ्यावा. फवाऱ्याऐवजी धार किंवा थेंब पडू लागले की काजळी वाढते.

होडीच्या बाबतीत आणखी एक कारण असते आणि तेच अनेकदा नजरेतून सुटते. पाण्याखालील पंख्याला जलपर्णी, जाळ्याचा तुकडा किंवा प्लॅस्टिक गुंडाळले गेले, पंखा वाकला, होडीच्या तळाला शेवाळ चढले किंवा माणसे जास्त बसली, तरी इंजिनावर ताण येऊन काळा धूर निघतो. याची परीक्षा सोपी आहे. गिअर न्यूट्रलमध्ये धूर नाही, पण होडी चालू लागताच काळा लोट निघतो आणि इंजिन पूर्ण वेग घेत नाही, असे असेल तर आधी पंखा, तळ आणि वजन पाहावे. न्यूट्रलमध्येही धूर येत असेल, तर दोष हवा किंवा डिझेलच्या बाजूस शोधावा.

पांढरा धूर

थंडीच्या दिवसांत सकाळी इंजिन सुरू करताना थोडा वेळ पांढरा धूर येणे स्वाभाविक आहे. इंजिन गरम झाल्यावरही तो थांबत नसेल, तर वासावरून फरक करावा. डोळ्यांना झोंबणारा, डिझेलचा वास असलेला व हवेत रेंगाळणारा धूर म्हणजे न जळलेले इंधन. डिझेलमध्ये पाणी किंवा हवा, उशिराचे टायमिंग किंवा सिलिंडरमधील कमी झालेला दाब ही त्याची कारणे होत.

झटकन विरून जाणारा, वास नसलेला पांढरा लोट म्हणजे वाफ. काही होड्यांत थंड करण्याचे पाणी धुराच्या नळीतूनच बाहेर सोडतात. तेथे थोडी वाफ दिसतेच. परंतु वाफ एकाएकी वाढली आणि नळीतून पडणारे पाणी कमी झाले, तर पाण्याची जाळी तुंबली असावी किंवा पंप निकामी होत असावा. वैनगंगेतील जलपर्णी आणि गाळ पाहता ही जाळी वरचेवर साफ करणे हिताचे. थंड करण्याचे पाणी कमी होत असेल किंवा डिपस्टिकवरील ऑइल दुधाळ दिसत असेल, तर हेड गॅस्केट फुटल्याची शंका घ्यावी व इंजिन सुरूच करू नये.

निळा धूर

निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. ऑइल खुणेच्या वर भरले असल्यास ते काढून पाहावे. पातळी बरोबर असेल, तर पिस्टनच्या रिंगा, लाइनर किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजले आहेत. ही झीज कोणत्याही ट्यूनिंगने भरून निघत नाही.

ट्यूनिंगचा योग्य क्रम

स्वस्त व सोपी कामे आधी करावीत. एअर फिल्टर साफ करणे, टाकीच्या तळाचे पाणी काढणे, डिझेल फिल्टर बदलणे आणि लाइनमधील हवा काढणे एवढ्यानेच अनेक तक्रारी दूर होतात. त्यानंतर उत्पादकाने दिलेल्या मापानुसार टॅपेट लावावेत. नॉझलची तपासणी वर्कशॉपमधील यंत्रावर करावी आणि टायमिंग शेवटी पाहावे. एका वेळी एकच बदल करून, त्याच वजनासह होडी चालवून धूर पाहावा. कोणत्या दिवशी काय केले, किती तास इंजिन चालले व किती ऑइल घातले, याची वही ठेवल्यास पुढील निदान सुकर होते.

जोर कमी वाटला की फ्युएल पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढविण्याचा मोह होतो. तो टाळावा. हवा तेवढीच राहिल्याने जास्तीचे डिझेल जळत नाही. काजळी वाढते, पिस्टन तापतो व इंजिनाचे आयुष्य घटते. नॉझल सुरू असताना फवाऱ्यासमोर कधीही हात धरू नये. त्या दाबाने डिझेल कातडीच्या आत शिरते आणि जखम लहान दिसली तरी तातडीच्या उपचाराची गरज असते.

धूर अंगावर घेऊ नये

डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली दिला. नळीचा सांधा होडीच्या आत गळत असेल, तर वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड वायूही झाकलेल्या जागेत साचतो. प्रवाशांना डोकेदुखी किंवा मळमळ जाणवू लागल्यास त्यांना मोकळ्या हवेत आणून होडी किनाऱ्याला घ्यावी. तसेच होडीच्या तळाशी साचलेले तेलकट पाणी नदीत ओतू नये. भंडारा शहराला याच वैनगंगेचे पाणी पुरविले जाते.

अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ नुसार यंत्रावर चालणाऱ्या जलयानांची तपासणी व नोंदणी आवश्यक आहे. पण ही तपासणी रोजच्या निरीक्षणाची जागा घेऊ शकत नाही. इंजिन गरम झाल्यावरही दाट धूर थांबत नसेल, तर त्या दिवशी प्रवासी न बसविणे हाच शहाणपणाचा निर्णय होय.