खरखरीच्या आत एक गाणं

वर्गात नुसती खरखर भरली आहे, स्टेशन न लागलेल्या रेडिओसारखी. नव्वदच्या दशकाची सुरुवात. तुम्ही एमआयटीत गणितज्ञ स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांच्या तासाला बसला आहात आणि संशोधक केविन कुओमो आपली सर्किटं दाखवताहेत. मघाशी लावलेलं मरायाह कॅरीचं ‘इमोशन्स’ आता या खरखरीत दडलंय म्हणे. तुम्ही कान टवकारता. सुराचा मागमूस नाही.

डोळे मिटा. तीस वर्षं मागे, इथेच, १९६१चा हिवाळा. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांच्या खोलीत हवामानाचं गणित करणारा रॉयल मॅकबी संगणक खडखडतोय. जुनंच गणित पुन्हा चालवताना ०.५०६१२७ऐवजी ०.५०६ एवढंच भरून ते कॉफीला गेले आहेत. तुम्ही छापून येणारे आकडे आधीच्या कागदाशी ताडून बघता. सुरुवातीला जुळतात. मग शेवटचा अंक चुकतो, मग त्याच्या अलीकडचा, आणि हळूहळू दोन हवामानांचं एकमेकांशी नातंच उरत नाही. शेपटाचे तीन अंक गाळले, तेवढ्यानं! असल्या दोन यंत्रणा एका तालात चालतील, हे आता तुम्हाला कोण पटवणार?

१९९०मध्ये अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या लुईस पेकोरा आणि टॉमस कॅरॉल यांनी ते दाखवून दिलं. लॉरेन्झच्या पुढच्या, १९६३च्या समीकरणांत तीन चल राशी आहेत. त्यांवर चालणारी दोन सर्किटं घ्या आणि पहिल्यातली एक राशी जोडीच्या सर्किटाला सतत पुरवत राहा. ते आपली सुरुवात विसरतं आणि पहिल्याच्या पावलावर पाऊल टाकू लागतं. मला हे विसरणंच फार सुंदर वाटतं.

आता परत कुओमोंच्या वर्गात या; त्यांची सर्किटंही अशीच जोडीची आहेत. गाण्यापेक्षा कितीतरी जोरकस कल्लोळ गाण्यावर पांघरलेला आहे. घेणाऱ्या सर्किटानं तोच कल्लोळ स्वतःत उभा केलाय. आता फक्त वजाबाकी. खरखर ओसरते, कॅरीचा आवाज वर येतो. जरा धूसर, पण शब्द कळताहेत.

इथून निघवत नाही. पण १९९४ गाठायला हवं: जोडीचं सर्किट हाताशी नसतानाही गणितज्ञ केविन शॉर्ट नुसत्या पकडलेल्या खरखरीवरून तिचा पुढचा क्षण ताडतात, तो वजा करतात आणि आतला संदेश बाहेर काढतात. खरखर नियमानं चालते. त्या नियमानंच तिला उघडं पाडलं.

आता अथेन्स, २००५: तीच युक्ती, पण प्रकाशात. शहरातल्या १२० किलोमीटर ऑप्टिकल फायबरमधून लेझरचा बेभान प्रकाश धावतोय, पोटात सेकंदाला अब्जभर बिट घेऊन. पलीकडच्या टोकाला त्याच जातीचा दुसरा लेझर त्याच्या लयीत थरथरू लागतो.