दफ, तुणतुणं आणि मागची झील

आपल्या उचगावच्या यात्रेच्या आठवणी निघाल्या की कुस्त्या, बैलगाड्या, नाटक यांवर भरभरून बोललं जातं. पण यात्रेत रात्री गाणाऱ्या एका हौशी जोडीबद्दल कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. म्हणून आज त्यांच्याविषयी.

साठच्या दशकातली गोष्ट. एक होते शेतकरी, त्यांना सगळे मामा म्हणत. दुसरे सुतारकाम करणारे तात्या. मामांच्या हातात दफ, तात्यांच्या हातात तुणतुणं. गावात दोघांचं नाव 'मामा-तात्या' असं एका दमातच घेतलं जायचं. बिदागी म्हणून नारळ, टोपी आणि रात्रीचं जेवण. पैशाचा विषय कधी निघाला नाही.

तुणतुणं तात्यांनी स्वतः केलेलं. लाकडाचं पोकळ नळकांडं, तळाला शेळीचं कातडं, बाजूला बांबूची काठी, वर खुंटी आणि त्यात ताणलेली एकच तार. मामांचा दफ म्हणजे गोल कडं आणि त्यावर मढवलेलं कातडं. थंडीत ते सैल पडायचं, मग पाचट पेटवून दफ शेकायचा. आम्हा पोरांचं काम पाचट गोळा करायचं!

आता खरी गंमत झीलेची. शाहीर चौक म्हणत चढत जातो, ओळीच्या शेवटी त्याचा दम संपत येतो. नेमक्या त्या क्षणी मागचा माणूस तोच सूर वरच्या पट्टीत उचलतो आणि 'जी जी रं जी' म्हणत लांबवतो. तेवढ्यात शाहिरानं श्वास घ्यायचा आणि पुढची ओळ आठवायची. मामा म्हणायचे, "गळा मोठा असून भागत नाही की. मागं उचलणारा नसला तर शाहीर दोन चौकांत बसतो."

मराठी शाहिरीत ही जोडी जुनीच आहे. पेशवाईच्या उत्तरार्धातले पुण्याचे होनाजी-बाळा ही सर्वांत प्रसिद्ध जोडी. होनाजी शिलारखाने जातीनं गवळी, तो कवनं रचायचा. बाळा कारंजकर गोड गळ्याचा, तो ती गायचा. दोघांची नावं अशी चिकटली की पुष्कळांना तो एकच माणूस वाटतो. व्ही. शांताराम यांचा 1951 चा 'अमर भूपाळी' त्यांच्यावरच आहे, संगीत वसंत देसाईंचं.

पुढं 1944 मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात याच शाहिरांनी मैदानं गाजवली. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं ते दुःख आपल्याला वेगळं सांगायला नको. अण्णा भाऊंच्या 'माझी मैना गावावर राहिली' या छक्कडीत बेळगाव, निपाणी, कारवार ही नावं आहेत. मामा-तात्यांनी ती यात्रेत धरली की बायाबापड्यासुद्धा डोळ्याला पदर लावायच्या.

बँकेत लागल्यावर माझी बदली अथणीला झाली. तिथल्या एका जत्रेत पाहतो तर तोच दफ, तेच तुणतुणं, मागची झील मात्र 'गी गी'! हे कन्नड गीगी पद. आपल्याकडं कलगी आणि तुरा यांचे सवाल-जवाब, तसे त्यांच्याकडं हरदेशी आणि नागेशी. एका बाजूनं शक्ती मोठी म्हणायचं, दुसऱ्यानं शिव. भाषा वेगळी, पण मागं दम धरणारा माणूस दोन्हीकडं हवाच. सुट्टीत गावी आल्यावर तात्यांना हे सांगितलं, तर ते हसून म्हणाले, "अरे, ते आमचेच पावणे की."

नव्वदनंतर यात्रेचा पैसा ऑर्केस्ट्राकडं वळला. तरीही दोघं देवळासमोर तासभर गायचेच. मग तात्या गेले. मामांनी दोन-तीन जणांना मागं उभं करून पाहिलं. सूर लागायचा, पण कुणी आधीच उचलायचा, कुणी उशिरा. तीस-पस्तीस वर्षांत जमलेलं दोन महिन्यांत कुठून येणार? मामांनी दफ खुंटीला लावला. गळा शाबूत असताना त्यांचं गाणं थांबलं, ही मला सगळ्यांत लागणारी गोष्ट.

मामा आता नव्वदीला टेकलेत. आवाज बारीक झालाय, पण चौक पाठ आहेत आणि कुठं उचलायचं ते बोटानं मांडीवर वाजवून दाखवतात. तात्यांचं तुणतुणं त्यांच्या नातवानं जपून ठेवलंय, तार तेवढी बदलायला हवी. आपल्या गावात दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरतं, ग्रंथदिंडी निघते. तिथं पंधरा मिनिटं या गाण्याला मिळावीत म्हणून मी मंडळींशी बोलणार आहे.

त्यासाठी गाणारी पोरं हवीत. मामा रविवारी सकाळी शिकवायला तयार आहेत. त्यांची अट एकच, एकट्यानं यायचं नाही, जोडीनं यायचं. कुणाच्या घरी त्यांच्या गाण्याची जुनी कॅसेट असेल तर तीही जरूर कळवा.