स्नीकरवरील चित्रकला: रंग कलावंताचा, बूट कंपनीचा

रबरी तळाचा आणि कापडी किंवा चामडी वरच्या भागाचा खेळाचा बूट आज सर्वत्र ‘स्नीकर’ या नावाने ओळखला जातो. अशा बुटावर चित्र रंगवून, त्याचे भाग उसवून किंवा नवे शिवून त्याला एकमेव रूप देणे, ही अमेरिकेत रुजलेली आणि तेथून जगभर पसरलेली कला होय. अशा बुटास ‘कस्टम’ आणि तो घडवणाऱ्यास ‘कस्टमायझर’ म्हणतात. या कलेचा कॅनव्हास कोरा नसतो. बूट आधीच कोणीतरी कल्पिलेला, कारखान्यात घडलेला आणि कंपनीचे चिन्ह मिरवणारा असतो. त्यामुळे तयार झालेली कलाकृती नेमकी कोणाची, हा प्रश्न या कलेला पहिल्यापासून चिकटलेला आहे, आणि अलीकडे तो न्यायालयांतही पोचला आहे.

उगम

कॅलिफोर्नियात १९६६ साली सुरू झालेली ‘व्हॅन्स’ कंपनी आरंभीच्या काळात गिऱ्हाइकाने आणलेल्या कापडाचेही बूट शिवून देत असे. पुढे स्केटबोर्ड खेळणारी मुले या बुटांच्या पांढऱ्या रबरी कडेवर पेनाने बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन काढू लागली. ते पाहून कंपनीने तीच नक्षी कापडावर छापली. १९८२ च्या ‘फास्ट टाइम्स ॲट रिजमाँट हाय’ या चित्रपटाने ते बूट देशभर पोचवले. म्हणजे या व्यवहारात उसनवारी दोन्ही बाजूंनी झाली आहे: कलावंताने कंपनीचा बूट घेतला, तशी कंपनीनेही रस्त्यावरची कल्पना उचलली.

दुसरा प्रवाह न्यूयॉर्कचा. तेथील भिंती आणि रेल्वेचे डबे रंगवणारी ग्राफिटीकारांची पिढी हिप-हॉप संगीताच्या सोबतीने जाकिटे, जीन्स आणि बुटांकडे वळली. १९८२ साली नायकी कंपनीने ब्रूस किलगोर यांनी रचलेला ‘एअर फोर्स वन’ हा बास्केटबॉलचा बूट बाजारात आणला. त्याचा संपूर्ण पांढरा प्रकार या कलेचा सर्वांत आवडता पृष्ठभाग ठरला. गुळगुळीत चामडे, रुंद बाजू आणि मोजकी शिवण यांमुळे चित्राला त्यावर मोकळी जागा मिळते.

घडण

नव्या बुटाच्या चामड्यावर कारखान्यात संरक्षक थर दिलेला असतो. तो ॲसिटोन लावलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसून काढणे ही पहिली पायरी. येथे आळस केल्यास काही दिवसांतच रंगाचे पोपडे निघतात. मग तळ, नाड्यांची भोके आणि जो भाग रंगवायचा नाही तो चिकटपट्टीने झाकतात. रंग चामड्यासाठी बनवलेला, वाळल्यावरही लवचीक राहणारा ॲक्रिलिक असतो. कॅलिफोर्नियातील ‘अँजेलस’ ही १९०७ पासूनची बूट-पॉलिशची कंपनी अशा रंगांसाठी आज कस्टमायझरांत विशेष प्रसिद्ध आहे.

रंगाचे पातळ हात एकावर एक द्यावे लागतात, आणि प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावरच पुढचा. चालताना चवड्यापाशी बूट हजारो वेळा दुमडतो, आणि जाड थराला पहिला तडा तेथेच जातो. कापडी बुटासाठी रंगात मऊपणा देणारे द्रावण मिसळतात. शेवटी पारदर्शक थर देऊन काम बंद करतात. याहून अवघड प्रकार म्हणजे बूट पूर्ण उसवणे, त्याच्या तुकड्यांवरून साचे काढणे, वेगळ्या चामड्यातून नवे भाग कापून शिवणे आणि ते तळाला पुन्हा चिकटवणे. यात चित्रकाराइतकाच चांभारकामाचा हात लागतो.

भिंतीवरच्या चित्रापेक्षा हे चित्र अल्पायुषी असते. ते वापरले तर झिजते आणि कपाटात ठेवले तर बूट म्हणून त्याला अर्थ उरत नाही. जाणकार कारागीर म्हणूनच चवड्याच्या भागावर बारीक तपशील टाळतो आणि मुख्य आकृती टाचेकडे किंवा बाहेरच्या बाजूला ठेवतो.

मैदान आणि संग्रहालय

या कलेला मोठी प्रसिद्धी खेळाडूंनी दिली. अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएल या संघटनेने २०१६ साली एक उपक्रम सुरू केला. त्यात खेळाडू आपल्या आवडीच्या समाजकार्याचे चित्र रंगवलेले बूट घालून मैदानात उतरतात आणि पुढे त्यांतील अनेक बूट लिलावात विकून निधी उभारला जातो. बास्केटबॉलच्या एनबीएने २०१८-१९ च्या हंगामापासून बुटांच्या रंगांवरील निर्बंध उठवले. टोरंटोच्या बाटा पादत्राण संग्रहालयाने २०१३ साली स्नीकर संस्कृतीवर भरवलेले प्रदर्शन २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयात गेले.

कॅनडाचे आदिवासी वंशाचे शिल्पकार ब्रायन जंगन यांनी बुटाचा पायाशी असलेला संबंधच तोडला. १९९८ ते २००५ या काळात त्यांनी ‘एअर जॉर्डन’ बूट उसवून वायव्य किनाऱ्यावरील आदिवासींच्या मुखवट्यांसारखे २३ मुखवटे घडवले. मायकल जॉर्डनच्या पाठीवरचा आकडाही २३च होता.

परवानगीची रेषा

व्हर्जिल ॲब्लो यांनी २०१७ साली नायकीसाठी दहा प्रसिद्ध बूट नव्याने रचले. त्यांत आतील फोम उघडा दिसत होता, शिवण मुद्दाम ठळक ठेवली होती आणि अवतरणचिन्हांत शब्द छापले होते. जणू कोणी घरीच बूट उसवून पाहिला असावा. त्यांनीच लुई व्हितॉनसाठी घडवलेले ‘एअर फोर्स वन’चे २०० जोड २०२२ साली सदबीजच्या लिलावात सुमारे अडीच कोटी डॉलरना गेले. हे सर्व कंपनीच्या संमतीने झाले.

संमतीविना काय होते, हे २०२१ साली दिसले. ‘मिस्चिफ’ या न्यूयॉर्कच्या कलासमूहाने गायक लिल नॅस एक्स याच्यासोबत ‘एअर मॅक्स ९७’ या नायकीच्या बुटाचे ६६६ जोड रूपांतरित केले आणि ‘सैतानी बूट’ म्हणून प्रत्येकी १,०१८ डॉलरना विकायला काढले. तळातील लाल शाईत मानवी रक्ताचा थेंब होता. नायकीने दावा लावला. अखेर तडजोड होऊन मिस्चिफने हे बूट मूळ किमतीला परत घेण्याचे मान्य केले. याच समूहाने २०१९ साली त्याच बुटात जॉर्डन नदीचे पाणी भरून ‘येशू बूट’ विकले होते. तेव्हा नायकी न्यायालयात गेली नव्हती.

पुढे व्हॅन्सने मिस्चिफविरुद्ध दावा केला. त्यांच्या प्रसिद्ध बुटाचे लाटांसारखे वेडेवाकडे रूप हे कलात्मक विडंबन असल्याचा मिस्चिफचा बचाव होता. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने विक्रीवरील मनाई कायम ठेवली. दुसऱ्याचे चिन्ह स्वतःच्या मालाची ओळख म्हणून वापरले, तर कलास्वातंत्र्याचे विशेष संरक्षण मिळत नाही, असा त्याचा आशय होता. हे बूट मिस्चिफने मुळापासून बनवले होते. विकत घेतलेल्या खऱ्या बुटावर केलेले ते काम नव्हते.

भारतात काय लागू होते

आपल्याकडेही हे काम ऑर्डर घेऊन करणारे चित्रकार आहेत. त्यांनी तीन तरतुदी ध्यानात ठेवाव्यात. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यातील कलम ३० नुसार रीतसर विकत घेतलेला माल पुन्हा विकता येतो; मात्र मालाची स्थिती बदललेली किंवा बिघडलेली असल्यास चिन्हाचा मालक आक्षेप घेऊ शकतो. म्हणून ग्राहकाने आणलेला त्याचाच बूट रंगवून देणे तुलनेने सुरक्षित, तर स्वतः बूट विकत घेऊन, रंगवून, कंपनीचे चिन्ह मिरवत दुकान मांडणे जोखमीचे.

दुसरी तरतूद कमी परिचित आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला घेऊन एखाद्याच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याकडे जातो. त्यामुळे तीच नक्षी दुसऱ्या जोडावर वापरायची असेल, तर काम हाती घेण्यापूर्वीच दोन ओळींचा लेखी करार करून ठेवणे शहाणपणाचे. तिसरी कलम ५७ ची: हक्क दुसऱ्याकडे गेला, तरी हे चित्र माझे आहे असे सांगण्याचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो. तेव्हा बुटाच्या एका कोपऱ्यात आपली सही करण्यास त्याने संकोचू नये.