सागवान आणि शिडाच्या शर्यती

आलापल्लीच्या सागवानी मुलखात शिडाच्या होड्यांच्या शर्यतींची कथा सांगावी, हे पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. समुद्र येथून फार दूर. परंतु सागाचे समुद्राशी नाते जुने आहे. ओक लाकडातील आम्ल लोखंडी खिळ्यांस खाते. सागातील तेल त्यांस जपते, आणि साग पाण्याने सहसा वाकत-तडकत नाही. (आपले सुतार हे पुस्तकावाचून जाणतात.) मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागाचे बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे जहाज १८१७ साली पाण्यात उतरले, ते इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे.

त्याच मुंबईत १८४६ साली यॉट क्लब निघाला. पश्चिमेस मुंबई बेट, पूर्वेस मुख्य भूमी, म्हणून आतले पाणी आडोशाचे. पावसाळ्यात होड्या काठावर ओढावयाच्या, आणि पाऊस सरला की दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर शर्यती लावावयाच्या. हा साहेबांचा सुट्टीतला खेळ. साग हिंदुस्थानचा, खलाशी हिंदुस्थानचे. सभासदत्व मात्र दीर्घकाळ गोऱ्यांपुरतेच! आम्हांस खेळापेक्षा हा भेद अधिक बोलका वाटतो.

१९८२ च्या आशियाई खेळांतील शिडाच्या शर्यती याच मुंबईत झाल्या, आणि 'फायरबॉल' जातीच्या होडीत फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक मिळविले. आपला गडचिरोली जिल्हाही त्याच वर्षीचा. पुढे दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. २००९ साली ते मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० रोजी मुंबईसच परतले.