पावसावर टांगलेला हंगाम : जालन्याच्या कुस्तीशौकिनाची प्रतीक्षा

युरोपातील फुटबॉलच्या शौकिनाला आपला हंगाम केव्हा सुरू होणार, हे काही महिने आधीच ठाऊक असते. ऑगस्ट उजाडला की सामने सुरू होतात. कोणता संघ कोणत्या शनिवारी कोणाच्या मैदानावर उतरणार, याचे छापील वेळापत्रक त्याच्या हाती असते. जालना जिल्ह्यातील कुस्तीशौकिनाच्या वाट्याला असे वेळापत्रक येत नाही. तोही वर्षभर हंगामाची वाट पाहतो. मल्लांची नावे, त्यांच्या तालमी, त्यांचे वस्ताद आणि हातखंडा डाव त्यालाही मुखोद्गत असतात. मात्र यंदाचा हंगाम जोमात भरणार की रखडत, याचा निकाल भाद्रपद-आश्विनातील पाऊस देतो. म्हणूनच या दिवसांत गावच्या पारावर आभाळाची चर्चा आणि पैलवानांची चर्चा एकाच बैठकीत होते.

कुस्ती आणि पाऊस यांचा हा संबंध शहरी वाचकाला चटकन उमगणार नाही. गावोगावच्या कुस्त्या यात्रा-जत्रांत होतात आणि यात्रेचा खर्च वर्गणीतून निघतो. कापूस, सोयाबीन, तूर घरात आली, बाजारात बरा भाव मिळाला, तर घरटी वर्गणी वाढते. वर्गणी वाढली की इनामाची रक्कम वाढते आणि इनाम मोठे असले की लांबचे नामांकित मल्ल गावच्या फडात उतरतात. पीक हातचे गेले, तर पालखी निघते, नैवेद्य होतो. कुस्त्यांचा फड मात्र आटोपता घेतला जातो किंवा रद्दच होतो. यात्रा समितीला काटकसर करायची असते तेव्हा पहिली कात्री बहुधा इनामालाच लागते.

हंगामाची सुरुवात नेमकी कोठून धरायची, यावर शौकिनांत एकमत नाही. श्रावणात नागपंचमीच्या निमित्ताने ठिकठिकाणी कुस्त्या होतात. पण पेरणीनंतरच्या त्या हातघाईच्या दिवसांत त्यांना सलामीपलीकडे मोल नसते. नवरात्रात अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या दर्शनाला जिल्ह्याबाहेरूनही भाविक लोटतात. दसरा झाला की तालमींतील घाम वाढतो. खरा हंगाम मात्र दिवाळीनंतरचा. मार्गशीर्षातील चंपाषष्ठीच्या खंडोबाच्या यात्रा, माघ, महाशिवरात्र असे टप्पे घेत तो चैत्रात हनुमान जयंतीला भरात येतो आणि मृग तोंडावर आला की संपतो. नगर भागात यात्रेतील कुस्त्यांना ‘हगामा’ म्हणतात. मराठवाड्यात ‘दंगल’ आणि ‘फड’ हे शब्द अधिक रुळलेले आहेत.

फडाची रीत मात्र सगळीकडे जवळपास सारखीच. दुपार कलली की हलगी कडाडू लागते आणि माणसे मोकळ्या जागेभोवती कडे करून बसतात. मान असतो चिमुकल्यांचा. रेवड्यांवर लागणाऱ्या त्यांच्या कुस्त्यांनी फडाला तोंड लागते. मग नारळ, भांडी, फेटा आणि रोख रक्कम अशी इनामाची चढती भाजणी सुरू होते. मोठ्या कुस्त्या आधीच नेमलेल्या असतात. बाकीच्या जोडी तेथल्या तेथे लागतात: मल्ल कड्याच्या आतून फेरी मारतो, पंच अंगापिंडाने तुल्यबळ गडी शोधून दोघांचे हात एकमेकांच्या हाती देतात आणि जमावाकडे पाहतात. जोड विषम वाटली तर शौकीन गप्प बसत नाहीत. ‘जोड तोडा’ असा गलका उठला की पंचांना माघार घ्यावी लागते. एखाद्या गड्याचा खेळ मनात भरला, तर प्रेक्षकांतील कोणीही उठून आपल्या नावाने बक्षीस पुकारतो. प्रेक्षकाला फडात असा अधिकार देणारा दुसरा खेळ शोधून सापडणे कठीण. कुस्तीशौकीन यात्रेची तिथी गाठण्यासाठी पाहुण्यांकडची लग्ने चुकवतो, त्यामागे हा अधिकारही असावा.

पावसाळ्याचे चार महिने फड नसतो, पण शौकिनाला विश्रांतीही नसते. संध्याकाळी त्याची पावले तालमीकडे वळतात. कोणाचे अंग भरले, कोणाचा खांदा अजून दुखतो, कोण कोल्हापूरला गेला, कोण पुण्याच्या तालमीत दाखल झाला, याच्या खबरा तेथेच मिळतात. जोर-बैठकांची संख्या, पहाटेची धावणी, बदाम घोटून केलेली थंडाई, दूध आणि तूप या साऱ्यांचा हिशेब त्याच्याजवळ असतो. हा खुराक महाग आहे. शेतकऱ्याच्या घरातील मुलगा पैलवानकी करतो, तेव्हा घरातील इतरांच्या तोंडचे दूध त्याच्या वाट्याला जाते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. यात्रांतील इनामांवर या खुराकाचा काही भार उचलला जातो. तो एक हंगाम बुडाला की अनेक पोरे लंगोट खुंटीला टांगून मजुरीला लागतात, आणि त्यातील सगळीच पुढच्या वर्षी परत येत नाहीत. पावसाकडे पाहताना शौकिनाला खरी धास्ती असते ती याची.

तालमीतील हौदाचीही याच दिवसांत निगा राखावी लागते. जिल्ह्याची जमीन बहुतांश काळी, कापसाची. ओली झाली की पायाला चिकटणारी आणि वाळली की भेगाळणारी ही माती कुस्तीच्या कामाची नाही. आखाड्याला लाल माती लागते. ती चाळून तीत तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर असे जिन्नस प्रत्येक वस्तादाच्या प्रमाणाने मिसळले जातात. माती मऊ राहावी, अंगावरील खरचटी चिघळू नयेत, हा त्यामागील हेतू. हौद खोदून माती वर-खाली करणे हाच मल्लाचा पहिला व्यायाम. भिंतीवर किंवा कोनाड्यात मारुतीची मूर्ती असते. घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. बलोपासनेचा आणि मारुतीच्या भक्तीचा पुरस्कार करणारा हा संत १६०८ साली याच मुलखात जन्मला, याचा उल्लेख जिल्ह्यातील शौकीन मोठ्या अभिमानाने करतात.

पाऊस रुसला की काय होते, याची उदाहरणे फार मागे जाऊन शोधावी लागत नाहीत. २०१२-१३च्या दुष्काळात जालना हा राज्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. पिण्याचे पाणी टँकरने आले, मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. पुढे भौगोलिक मानांकन मिळवणारी जालन्याची मोसंबी ती हीच. ज्या वर्षी झाडाला पाणी नाही, त्या वर्षी इनाम कोठून येणार? २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत तर आभाळाचाही दोष नव्हता. करोनामुळे यात्राच भरल्या नाहीत आणि राज्य अजिंक्यपदाची महाराष्ट्र केसरी स्पर्धाही थांबली. ती पुन्हा झाली एप्रिल २०२२मध्ये, साताऱ्याला. याउलट सप्टेंबर २०२५मध्ये मराठवाड्याला अतिवृष्टीने झोडपले आणि काढणीला आलेली पिके पाण्यात गेली. शौकिनाच्या दृष्टीने अवर्षण आणि अतिवृष्टी यांचा हिशेब अखेर एकाच रकान्यात येतो.

याला सणसणीत अपवाद ठरले ते २०१८. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि त्यात जालना जिल्ह्यातील तालुकेही होते. गावोगावचे फड आकसणार, हे दिसतच होते. नेमक्या त्याच हिवाळ्यात महाराष्ट्र केसरी स्पर्धा जालना शहरातील आझाद मैदानावर भरली. ज्यांची नावे केवळ वर्तमानपत्रांत वाचली, ते मल्ल दारात आले. या किताबाचे आणि मराठवाड्याचे नाते तसे आरंभापासूनचे आहे: १९६१ साली पहिली महाराष्ट्र केसरी कुस्ती तेव्हाच्या औरंगाबादेत झाली आणि सांगलीचे दिनकर दह्यारी पहिले मानकरी ठरले. तथापि अंतिम लढतीला चालत जाता येण्याचे भाग्य खेड्यातील शौकिनाला आयुष्यात एखाद्याच वेळी लाभते.

या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असतात. दोन्हींतील विजेते अखेरीस किताबासाठी एकमेकांसमोर उभे राहतात आणि विजेत्याला मामासाहेब मोहोळ यांच्या स्मरणार्थ चांदीची गदा दिली जाते. जालन्यात गादी विभागातून आला तो आदल्या वर्षीचा विजेता, पुण्याचा अभिजित कटके. माती विभागातून आला बुलडाण्याकडून खेळणारा बाला रफिक शेख, मूळचा सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्याचा. कटके सलग दुसऱ्यांदा गदा उचलणार, असा अनेकांचा होरा होता. २३ डिसेंबरच्या त्या रविवारी बाला रफिकने ही लढत ११-३ अशी एकतर्फी जिंकली. तो कोल्हापूरच्या न्यू मोतीबाग तालमीत हिंदकेसरी गणपतराव आंदळकर यांच्या हाताखाली घडलेला. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारे आंदळकर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निवर्तले होते. शिष्याने गदा उचलली ती गुरूच्या पश्चात अवघ्या तीन महिन्यांनी. जालन्यातील शौकीन त्या सायंकाळविषयी बोलतात तेव्हा गुणांच्या आकड्याआधी ही गोष्ट सांगतात.

माती थोर की गादी, हा वाद त्यानंतर जिल्ह्यात अधिकच रंगला. मातीवरच्या पारंपरिक कुस्तीत पाठ टेकवून चितपट केल्याशिवाय निकाल नाही. तासभर खडाखडी होऊन कुस्ती बरोबरीत सुटली, तरी कोणाला वावगे वाटत नसे. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, ताबा मिळवल्याचे गुण, आणि दहा गुणांची आघाडी झाली की खेळ खलास. ऑलिम्पिक गादीवर होते, म्हणून मुलांनी लहानपणापासून गादीवर सराव करावा, हे तर्काने पटते. १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकणाऱ्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राला कुस्तीत दुसरे ऑलिम्पिक पदक मिळालेले नाही, हे शौकीनही जाणतो. तरीही ढाक, कलाजंग, घिस्सा, मोळी हे डाव ज्या निवांतपणे मातीत उलगडतात, तो निवांतपणा घड्याळ लावलेल्या गादीवर नाही, अशी त्याची तक्रार कायम आहे. ती सर्वस्वी भाबडी म्हणता येणार नाही.

अलीकडे त्याच्या प्रतीक्षेत एक निराळाच घोळ शिरला आहे. २०२२मध्ये भारतीय कुस्ती महासंघाने महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद बरखास्त केल्यापासून राज्यात संघटनांचा वाद पेटला आणि महाराष्ट्र केसरी नावाच्या दोन-दोन स्पर्धा होऊ लागल्या. नोव्हेंबर २०२३मध्ये पुणे जिल्ह्यातील फुलगाव येथे सिकंदर शेखने शिवराज राक्षेला काही क्षणांत चितपट केले. त्याच महिन्यात धाराशिवला दुसऱ्या संघटनेच्या स्पर्धेत तोच शिवराज राक्षे विजेता ठरला. २०२५मध्येही हेच. फेब्रुवारीत अहिल्यानगर येथे पृथ्वीराज मोहोळ, तर मार्चमध्ये कर्जत येथे वेताळ शेळके. अहिल्यानगरला तर राक्षेने पराभवाचा निर्णय अमान्य करून पंचांवरच लाथ उगारली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. कुस्ती संपल्यावर पंचांच्या पाया पडणारे पैलवान पाहत वाढलेल्या पिढीला हा प्रकार फार लागला. शिवाय किताबाचे वर्ष सांगताना आता ‘कोणता महाराष्ट्र केसरी?’ या प्रश्नाचेही उत्तर द्यावे लागते.

त्या मानाने मुलींच्या कुस्तीची बातमी सुखावणारी. मार्च २०२३मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीचीच प्रतीक्षा बागडी विजेती ठरली. आता यात्रांच्या फडांतही मुलींच्या जोडी लागू लागल्या आहेत. पूर्वी ज्या कड्यात बायका बसतही नसत, तेथे आपल्या लेकीच्या कुस्तीला हलगी वाजते आहे, हे पाहण्यासाठी काही आया प्रथमच फडाकडे वळल्या.

खरीप हाती येऊ लागले की यात्रा समित्यांच्या बैठका सुरू होतात. घरटी किती वर्गणी, शेवटच्या कुस्तीवर इनाम किती, पाहुणे मल्ल कोठून बोलवायचे, या तीन प्रश्नांवर रात्री जागतात. रक्कम ठरली की वस्तादांना निरोप जातात, मग चौकात फलक लागतो. फलकावर शेवटच्या कुस्तीच्या दोन मल्लांची छायाचित्रे समोरासमोर, खाली इनामाचा आकडा आणि त्याखाली तिथी छापलेली असते. शौकीन ती तिथी वाचतो, कापसाच्या वेचणीचा हिशेब बोटांवर मोजतो आणि त्या दिवशी रानात कोणाला पाठवायचे, याची तजवीज तेथेच उभ्या उभ्या करू लागतो.